आधी सावळी

रेणुकाच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे. सोनपेठच्या आमच्या गल्लीत सगळी घरं अशीच एकमेकांना चिकटून. तिच्या कुकरची शिट्टी माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येते आणि माझ्या नवऱ्याचा खोकला तिला पाठ झालाय. मागच्या सप्टेंबरात गोदावरीचा पूर ओसरला आणि त्या भिंतीपलीकडचं बोलणं बंद झालं. घरात माणसं होती, भांडी वाजत होती, पण कोणी कोणाशी बोलत नव्हतं. पुढे तिनं मला जे सांगितलं ते एका बैठकीत नाही सांगितलं. कधी गच्चीवर डाळ वाळत घालताना, कधी दवाखान्याच्या बाकावर बसून. ते तुकडे जोडून मी लिहिते आहे.

रेणुका गवळवाडीची. गाव नदीच्या काठाला, पण निम्मं गाव उंच टेकाडावर आणि निम्मं खाली. तिचं माहेर टेकाडावर. लग्न होऊन ती सोनपेठला आली. नवरा रामप्रसाद एसटीत कंडक्टर, गंगाखेड आगारात. ती काही वर्षं एका खाजगी शाळेत शिकवायची. पगार वेळेवर होईना म्हणून सोडलं, आणि तेव्हाच आमदारांच्या संपर्क कार्यालयात फोन घ्यायला बाई पाहिजे असं कळलं.

आमदार व्यंकटराव. तालुका त्यांना आबा म्हणतो. त्यांना मानणारे आहेत तसे शिव्या देणारेही आहेत, पण एक गोष्ट दोघंही कबूल करतात, आबांच्या कार्यालयात फोन लागतो. तो लागायचा रेणुकामुळे. विजेचा डीपी जळाला, निराधार योजनेचा पगार थांबला, परभणीच्या दवाखान्यात खाट मिळेना, ऊसतोडीला गेलेल्या लेकीचा पत्ता लागेना, काहीही असो, लोक आधी रेणुकाताईला फोन लावायचे. ती कोणावर ओरडायची नाही. ऐकून घ्यायची, मग ज्या साहेबाचं काम असेल त्याच्या मागे लागायची. "आबाचं नाव सांगून कोनाला दबवत न्हाई मी," असं ती अभिमानानं म्हणायची. आणखी एका गोष्टीचा तिला अभिमान होता. माहेरच्या माणसाचं काम तिनं कधी रांग मोडून पुढे केलं नाही. सख्खा भाऊ भुजंग एकदा मोटारीच्या कनेक्शनसाठी आला, तर त्यालाही तिनं बाकावर बसवून ठेवलं होतं. तो रुसला. तिनं रुसू दिलं.

दोन वर्षांपूर्वी पुरात थडीच्या, म्हणजे नदीकाठच्या, गावांतली माणसं झाडावर बसून राहिली होती आणि बोट लांबून कुठूनतरी आणावी लागली होती. ते आबांच्या मनाला लागलं. त्यांनी आपल्या निधीतून तालुक्यासाठी इंजिनाची रबरी बोट आणली. मंजुरीसाठी मुंबईला किती चकरा मारल्या ते रेणुकालाच ठाऊक. बोट आली तेव्हा बाजारात लोक हसले. "आबा आता सोनपेठला समिंदर आनायलेत," असं चहाच्या हॉटेलात चालायचं. जहाज म्हणायचे तिला. बजरंग नावाच्या भोयाच्या पोराला बोट चालवायचं शिक्षण दिलं. पोरगा म्हणजे चांगला तिशीतला, दोन लेकरांचा बाप. नदी त्याला घरच्या अंगणासारखी.

मागच्या सप्टेंबरात वरच्या धरणांतून पाणी सोडलं आणि इकडेही पाऊस थांबेना. सकाळी उठलो तर तालुक्याचे रस्ते तुटलेले. रेणुका डबा न घेताच कार्यालयात गेली. आबा पहाटेच थडी सावळीच्या रस्त्याला निघून गेले होते. तहसीलदार, बजरंग आणि बोट तिकडेच. सावळी सखल गाव. घरांत पाणी शिरलं होतं आणि माणसं शाळेच्या गच्चीवर चढून बसली होती. बाया, म्हातारी, दिवस भरलेली एक सून. गच्चीची एक भिंत हलते आहे असं कोणीतरी फोनवर रडत सांगत होतं.

त्यातच गवळवाडीहून फोन आला. छबूबाईचा.

छबूबाई म्हणजे रेणुकाची छबूकाकू. माहेरच्या दाराला दार. तिला आणि सुग्रीवकाकांना मूल नव्हतं. रेणुका त्यांच्याच ओसरीवर वाढली म्हटलं तरी चालेल. शाळेत जाताना वेणी काकू घालायची, आणि शेंगा भाजल्या की काका आधी तिच्या ओंजळीत टाकायचे. सुग्रीवकाकांना पुष्कळ वर्षांचा दमा. तोंडात मारायचा पंप कायम खिशात.

"रेणू, अगं ह्यांचा पंप संपलाय," काकू म्हणाली. "कालपासून. रस्ताच न्हाई तर आनायचा कुठून? रातभर बसून हायत. आता बोलना झालेत. व्हट निळे पडायलेत गं. बोट पाठव बाई."

"पाठवते काकू. आबाला बोलते आत्ता."

"लवकर कर. मला भ्या वाटायलंय."

फोन ठेवला आणि लगेच आबांचा आला. रेणुकाला आबांचा आवाज कमी आणि पाण्याचाच जास्त ऐकू येत होता.

"रेणुका, सावळीत बोट घालायलो. दुसरीकडून काही हाय का? एकदा घातली की माघारी लवकर यायची न्हाई. लय मानसं हायत इथं."

ती म्हणाली, "गवळवाडीहून फोन हाय आबा. एका म्हाताऱ्याला दम लागलाय."

"किती निकड हाय?"

इथं रेणुका थांबली. किती वेळ, ते तिला सांगता येत नाही. तिच्या मनात त्या वेळी काय आलं ते मात्र तिनं मला अगदी स्पष्ट सांगितलं. तिला वाटलं, आपलं माहेर आहे म्हणून आपल्याला ही निकड मोठी वाटते आहे. गच्चीवर पन्नासएक माणसं, भिंत हलतेय, बाळंत होणारी बाई. आणि मी माझ्या काकासाठी बोट ओढून घेऊ? उद्या सावळीचं एक माणूस वाहून गेलं तर लोक म्हणतील, कार्यालयातल्या बाईनं बोट माहेरी पळवली. आणि खरंच मी तेच करत असले तर?

"दम्याचे जुने पेशंट हायत," ती म्हणाली. "गाव उंचावर हाय. थांबू शकतेत. आधी सावळी करा."

"बराबर," आबा म्हणाले. फोन बंद झाला.

निळ्या ओठांचं ती बोलली नाही.

सावळीच्या लोकांना काढायला फार वेळ लागला. वाहत आलेली लाकडं, तुटलेल्या तारा, त्यात गच्चीवरची म्हातारी माणसं बोटीत उतरायला तयार नव्हती. मधल्या वेळात काकूचा पुन्हा फोन आला. रेणुकानं सांगितलं, "निघालीय काकू, बोट निघालीय." निघाली नव्हती. त्यानंतर तिला राहवेना. ती आबांना फोन लावत राहिली. लागेना. तहसीलदारांचा लागेना. शेवटी लागला तेव्हा ती ओरडलीच, "आबा, गवळवाडीच्या मानसाचे व्हट निळे पडलेत सकाळपासून. दवाखान्यात न्यावंच लागंल."

आबा म्हणाले, "सकाळीच कामून न्हाई बोललीस?"



हाताशी असलेली खेप काठाला लावून बजरंग तसाच गवळवाडीला गेला. गच्चीवर अजून माणसं होती, त्यांना थांबवून गेला. बोट टेकाडाला लागली तेव्हा दुपार कलली होती. भुजंग आणि चार जण सुग्रीवकाकांना बाजेवर घालून पाण्याच्या काठाशी येऊन बसले होते. बोट दिसावी म्हणून. काका बाजेवरच गेले होते. बजरंगनं काकूला म्हटलं, "चला मावशी, तुमाला तरी पलीकडं नेतो." ती म्हणाली, "आता कशाला?" आणि बाजेचा पाय धरून बसून राहिली.

सावळीतलं मात्र एकही माणूस गेलं नाही. ती सून गंगाखेडच्या दवाखान्यात बाळंत झाली, मुलगी झाली. शेवटची खेप बाहेर आल्यावर गच्चीची ती भिंत पडली. म्हणजे रेणुकानं सांगितलेलं चूक होतं असंही कोणाला म्हणता येत नव्हतं, आणि हेच तिला सर्वांत जड गेलं.

पुढचे दिवस आबांच्या बोटीचे होते. टीव्हीवाले आले. बजरंगचा सत्कार झाला, हार घालून उभा असलेला त्याचा फोटो प्रत्येकाच्या मोबाइलवर. जहाज म्हणून हसणारे आता आबांची बोट म्हणायला लागले. रेणुकाला पेढे द्यायला सावळीची माणसं कार्यालयात आली. त्यांनी तिच्या पाया पडायचा प्रयत्न केला. ती मागच्या खोलीत निघून गेली आणि नळ सोडून तोंड धूत राहिली.

गवळवाडीत वेगळंच चाललं होतं. पंचनाम्याला आबा गेले तेव्हा गावानं त्यांना वेढलं. कोणीतरी व्हिडिओ काढला, तो आमच्या गल्लीतही आला. मी रेणुकाच्या शेजारी बसूनच पाहिला. लोक विचारत होते, "सावळीनं मतं दिली म्हनून आधी सावळी का? आमी दिली न्हाईत म्हनून आमचा मानूस मारला का?" ओरडणाऱ्यांत भुजंग पुढे होता. त्याच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या.

आबा घामानं भिजले होते. ते म्हणाले, "बोट कुठं पाठवायची ते मी ठरवलं. दुसऱ्या कोनाचा संबंध न्हाई. जे बोलायचं ते मला बोला."

रेणुकानं मोबाइल उलटा करून ठेवला. "वहिनी," ती मला म्हणाली, "माझं नाव आलं न्हाई म्हनून मला आधी बरं वाटलं बघा. किती बरं वाटलं." आणि मग ती रडायला लागली. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की यात तिचं काहीतरी आहे.

दुसऱ्या दिवशी ती आबांसमोर उभी राहिली. म्हणाली, मी गावात जाऊन खरं काय ते सांगते. आबांनी दार लोटून घेतलं.

"काय सांगशील?"

"काकूनं निळे व्हट सांगितले होते आन मी ते तुमच्यापासून झाकलं."

"झाकलं न्हाईस. तुला जे वाटलं ते बोललीस. मी इचारलं, तू सांगितलं, मी बराबर म्हनलो. जिम्मेदारी माझी हाय."

"पन आबा, तुमाला पुरतं कळलं असतं तर?"

"मला म्हाईत न्हाई," आबा म्हणाले. "त्या गच्चीवर लेकरं होती गं. खरंच म्हाईत न्हाई." मग आवाज बदलून म्हणाले, "हे बघ, दुसऱ्या बोटीचा प्रस्ताव कलेक्टरकडं गेलाय. आता जर असं बाहेर आलं की फोनवरच्या बाईनं ठरवलं, तर त्याचा तमाशा व्हईल. बोट राहील बाजूला. लोकायला शिव्या द्यायला मानूस पायजे, मी हाय. मला सवय हाय. तू गप ऱ्हा."

यात आबांचा चांगुलपणा किती आणि हिशेब किती, हे रेणुकाला तेव्हाही सांगता आलं नाही आणि आताही येत नाही. दोन्ही असेल. ती गप्प राहायचं कबूल करून घरी आली आणि गप्प राहिली ती घरातही. रामप्रसादला तेवढं सांगितलं. तो सरळ माणूस. म्हणाला, "मानूस गेलं, आता सांगून काय परत येनार हाय का? उगं माहेर तुटंल तुजं."

बजरंगही एकदा घरी आला होता. त्याला कुठून कळलं देव जाणे, बहुतेक आबांकडूनच. दारातच चप्पल काढून उभा राहिला. "ताई, एक सांगतो. गवळवाडीच्या वळनाला सकाळी लय वढ व्हती पान्याला. मी बोट घातली असती का न्हाई, मलाच म्हाईत न्हाई. घातली असती तर उलटली बी असती." तो तिला बरं वाटावं म्हणून आला होता. तिनं त्याला चहा दिला. तो गेल्यावर म्हणाली, "असंल. पन ते मला सकाळी कुठं म्हाईत होतं?"

काकांच्या चौदाव्याला ती गवळवाडीला गेली. रामप्रसाद नको म्हणत होता, तरी गेली. रस्त्यावर अजून गाळ होता, एसटी फाट्यापर्यंतच. पुढे चालत. जेवणं उरकून मंडळी पांगेपर्यंत ती आईकडे बसून राहिली आणि मग समोरच्या ओसरीवर गेली. काकू एकटीच होती. कपाळ मोकळं, हात मोकळे. तिनं रेणुकाला पाहून जवळ बसायची खूण केली.

"काकू, मला तुमाला एक सांगायचंय."

"बोल की."

"तुमी फोनवर निळे व्हट म्हनला होता."

"म्हनले होते."

"मी ते आबाला सांगितलं न्हाई. नुसता दम लागलाय म्हनले. आधी सावळी करा असं मीच म्हनले. आबानं न्हाई."

छबूबाईनं पदर सारखा केला. तिचा चेहरा बदलला नाही, म्हणून रेणुकाला वाटलं तिला समजलंच नाही. ती पुन्हा सांगणार तेवढ्यात काकूनं विचारलं, "कामून?"

"आपलं गाव हाय म्हनून. लोक म्हनतील, हिनं आपल्या मानसाला आधी..."

"अगं, आपलं गाव हाय म्हनून तर मी तुला फोन केला," छबूबाई म्हणाली. "सरकारी नंबर भुजंगनं दिला होता मला. मी म्हनलं, नको, आपली रेणू हाय तिथं."

काकू रडली नाही, ओरडली नाही. उठून आत गेली आणि आतून तिनं कडी लावली. रेणुका ओसरीवर बसून राहिली. भुजंगनं येऊन तिला उठवलं. त्यालाही तिनं त्याच ओसरीवर सगळं सांगितलं. तो बहिणीवर हात उगारेल असं तिला वाटलं. तो नुसता म्हणाला, "मंग मी आबाला शिव्या दिल्या त्या कुनाला दिल्या?" आणि तिला फाट्यावर सोडायला गेला नाही. त्यानं मात्र ही गोष्ट गावात सांगितली नाही. काकूनंही नाही. गवळवाडी आजही आबांनाच दोष देते.

त्यानंतर रेणुका कार्यालयात गेली नाही. पण लोकांकडे तिचा नंबर होता. फोन वाजत राहायचा. सुरुवातीला ती उचलायची नाही. मग भिंतीपलीकडून मला तिचा आवाज ऐकू येऊ लागला, हळू, थकलेला. "हां, कोनत्या फीडरवर हाय? वायरमनला बोलते." दिवाळीनंतर आबा स्वतः आमच्या गल्लीत आले. गल्लीतली पोरं गाडीभोवती जमली. आत काय बोलणं झालं ते मला भिंतीतून थोडंफार कळलं. दुसरी बोट मंजूर झाली होती. आबा तेच सांगायला आले होते, आणि परत ये म्हणायला.

"आबा, मी येते," ती म्हणाली. "पन पूर आला की मला एकटीला त्या खुर्चीवर बसवू नका. दवाखान्याचं एक मानूस पायजे तिथं, ज्याला कळतं. आन फोन करनाऱ्याला तुमच्याशीच बोलू द्या. मधात मी नको."

"ते करू," आबा म्हणाले. आणि ते मार्गीही लागलं. गेल्या महिन्यात तहसीलमध्ये तशी बैठक झाली, आरोग्य खात्याची एक नर्स पावसाळ्यात कार्यालयात बसणार असं ठरलं. ठरलंय तर बसेलही.

मागच्या आठवडी बाजाराच्या दिवशी छबूबाई कार्यालयात आली. निराधारच्या पगाराचं काम होतं, तलाठ्याकडे कागद अडला होता. बाकावर बायांच्या रांगेत तिचा नंबर आला तशी ती रेणुकाच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. रेणुका खुर्चीतून उठली.

"बसा ना काकू."

काकू बसली. नजर टेबलावर. "मॅडम," ती म्हणाली, "तेवढं पगाराचं बघा."

रेणुकानं समोरच तलाठ्याला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं आबांचं नाव सांगितलं, आणि आवाज चढवला. कागद दुपारपर्यंत पाठवतो असं तलाठी म्हणाला. तिनं चहा मागवला. काकूनं कप हातात घेतला, दोन घोट घेतले. मग विचारलं, "झालं का?"

"झालं."

"येते मंग. साडेतीनची गाडी हाय."

रेणुका पायऱ्यांपर्यंत तिच्या मागे गेली. बाजारात गर्दी होती, मेथीच्या पेंढ्या, कांद्याचे ढीग, मोटरसायकली. काकू त्यातून वाट काढत स्टँडकडे गेली. पाठीमागून दुसऱ्या बाईनं हाक मारली, ताई, माझा नंबर हाय, आणि रेणुका आत आली.

हे तिनं मला त्याच संध्याकाळी सांगितलं, भिंतीला टेकून उभी राहून. मी म्हटलं, "आली तर खरी ना ती तुझ्याकडं." रेणुका म्हणाली, "कामाला आली वहिनी. दुसरं कुठं जाईल?"